‘रिस्पेक्ट’: ओटिस रेडिंगचे गाणे अरिथा फ्रँकलिनचे कसे झाले?

शुद्धमध्यम (धागाकर्ता)

स्त्रियांच्या स्वाभिमानाचे गाणे म्हटले की ज्या इंग्रजी गाण्याचे नाव हमखास घेतले जाते, ते ‘रिस्पेक्ट’ एका पुरुषाने आणि पुरुषाच्याच तोंडी घालण्यासाठी लिहिले होते, हे आता बऱ्याच श्रोत्यांना ठाऊक असते. मात्र ते गाणे नेमके कशामुळे फिरले, याची चर्चा फारशी होत नाही. अरिथा फ्रँकलिनने ते आपल्या आवाजात गायले आणि इतिहास घडला, एवढ्यावर विषय संपतो. माझे म्हणणे असे आहे की हा निव्वळ आवाजाचा चमत्कार नव्हता. अरिथाने आणि तिच्या बहिणींनी हे गाणे पायापासून पुन्हा बांधले. त्यांनी ओळी बदलल्या, मागून उत्तर देणारे आवाज बदलले, जिथे काहीच नव्हते तिथे नवा तुकडा घातला, आणि या प्रत्येक बदलामागे स्वच्छ विचार होता. तो विचार उलगडून पाहावा म्हणून हा धागा काढत आहे.

मूळ गाणे ओटिस रेडिंगचे. जॉर्जियातील मेकन गावात वाढलेल्या या गायकाने ते जुलै १९६५ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. ते त्याच्या ‘ओटिस ब्लू’ या संग्रहात आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, तर सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पस्तिसाव्यावर थांबले. म्हणजे ते पडलेले गाणे मुळीच नव्हते. त्यातला पुरुष बाहेर राबतो, पैसे आणून बायकोच्या हाती ठेवतो, आणि बदल्यात घरी आल्यावर थोडा मान मागतो. त्या मागणीत आर्जव आहे आणि थकवाही आहे.

अरिथाने ते गाणे १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कला, अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत गायले. त्याआधी सुमारे सहा वर्षे ती कोलंबिया कंपनीकडे होती. तिथे तिच्याकडून जॅझच्या वळणाची गुळगुळीत गाणी गाऊन घेतली गेली आणि तिचे पियानोवादन बऱ्याच अंशी बाजूला पडले. अटलांटिकचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला पुन्हा पियानोवर बसवले, हा मला त्या काळातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो, कारण पियानो हाती आला की गाण्याचा ठेका, थांबे आणि चढउतार गायिकेच्या ताब्यात येतात. जानेवारीत अलाबामातील मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओत पहिले सत्र झाले, पण तिथे उद्भवलेल्या भांडणामुळे ते अर्ध्यावरच मोडले. मग वेक्सलरने तिथल्या वादकांनाच न्यूयॉर्कला बोलावून घेतले, आणि त्यांच्याच साथीने ‘रिस्पेक्ट’ उभे राहिले.

आता ओळींकडे वळू. ओटिसच्या गाण्यातला पुरुष म्हणतो की मी बाहेर असताना तुला माझ्याशी वावगे वागायचे असेल तर खुशाल वाग, फक्त मी घरी आल्यावर मला मान दे. अरिथाची स्त्री ही ओळ उचलते आणि उलटी करते. तू बाहेर असताना मी तुझ्याशी वावगे वागणार नाही, आणि त्याचे कारण एवढेच की मला तसे वागायचे नाही, असे ती सांगते. मला या गाण्यातली ही सर्वांत मोठी ओळ वाटते. तिच्या निष्ठेला भीती, लाज किंवा लोकांचे बोलणे यांपैकी कशाचाही आधार लागत नाही. ती तिची स्वतःची इच्छा आहे. जिची निष्ठा स्वेच्छेची आहे, तिने मान मागणे हे आर्जव राहत नाही, तो तिचा हिशेब होतो.

पैशाच्या ओळीतही असाच पालट आहे. ओटिसकडे पैसा पुरुषाचा आहे. अरिथाकडे तो तिचा स्वतःचा आहे, आणि तुझी चुंबने मधाहून गोड आहेत, तसा माझा पैसाही गोड आहे, असे ती ठणकावून सांगते. ज्या काळात अमेरिकेतल्या बँका विवाहित स्त्रीला कर्ज देण्यापूर्वी नवऱ्याची सही मागू शकत होत्या (ही प्रथा बेकायदा ठरवणारा कायदा १९७४ साली आला), त्या काळात रेडिओवर एक स्त्री ‘माझा पैसा’ असे म्हणत होती, हे विसरून चालणार नाही.

मधला सॅक्सोफोनचा तुकडा मूळ गाण्यात नव्हताच. किंग कर्टिसने तो वाजवला, आणि त्याखालची स्वरावली सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका संथ प्रेमगीतातून घेतली होती. गाणे एकाएकी परक्या स्वरात शिरते, थोडा वेळ तिथे घुटमळते आणि घरी परतते. ते परतल्यावर काही वेळाने वाद्ये थांबतात आणि अरिथा ‘रिस्पेक्ट’ या शब्दाची सात अक्षरे एकेक करून उच्चारते. हा क्षण अडीच मिनिटांच्या गाण्यात शेवटाकडे येतो आणि तो लागोपाठ दोनच वेळा घडतो. आज कोणी हे गाणे गुणगुणू लागले की तिथूनच सुरुवात करते. ओटिसच्या गाण्यात ही अक्षरे नाहीत.

आपली मते वाचायला आवडेल. विशेषतः मूळ गाणे ज्यांना अधिक आवडते, त्यांनी अवश्य लिहावे.

कोरा_कागद

लेख आवडला, परंतु ओटिसची बाजू थोडी विस्ताराने मांडणे गरजेचे वाटते. अरिथाचे गाणे थोर ठरवताना ओटिसचे गाणे ‘घरी येऊन रुबाब करणाऱ्या नवऱ्याचे गाणे’ म्हणून निकालात काढण्याची पद्धत इतरत्र पडली आहे. आपण तसे केलेले नाही, पण वाचणाऱ्याचा तसा समज होऊ शकतो.

ते गाणे ऑगस्ट १९६५ मध्ये बाजारात आले. त्याच महिन्यात अमेरिकेत मतदान हक्क कायदा झाला. दक्षिणेत वाढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाला घराबाहेर कोणत्या शब्दांत हाक मारली जात असे आणि त्याला कोणत्या दाराने आत यावे लागत असे, हे सर्वांना माहीत आहे. अशा पुरुषाने निदान माझ्या घरात तरी मला माणूस म्हणून वागवा असे म्हणणे, याला केवळ नवरेपणा म्हणता येणार नाही. गाण्यात हे कुठेही उघड सांगितलेले नाही, पण ओटिसचा आवाज ऐकला की ते कळते. तो शब्द तोडतो, अर्धवट सोडतो आणि त्यावर पुन्हा झेपावतो. अल जॅक्सनचा ड्रम इतका घट्ट आहे की त्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा त्याला मागून ढकलत राहतो.

शिवाय ओटिसने या गाण्याच्या दुसऱ्या जन्माकडे ज्या मोठेपणाने पाहिले, तेही नोंदवायला हवे. १७ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात हे गाणे सुरू करण्यापूर्वी, हे गाणे एका मुलीने, माझ्या मैत्रिणीने, माझ्याकडून पळवले आहे, अशा अर्थाचे तो हसत बोलला आणि तरीही ते जीव तोडून गायला. अरिथाची तबकडी जूनच्या सुरुवातीचे दोन आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होती. त्यानंतर सहाच महिन्यांनी, १० डिसेंबर रोजी, विस्कॉन्सिनमधील मोनोना तलावात विमान कोसळून ओटिसचा मृत्यू झाला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

शुद्धमध्यम

@कोरा_कागद, आपले म्हणणे मान्य आहे, आणि ते लेखाला पूरकच आहे. फक्त एक गोष्ट जोडतो. बाहेर अपमान सोसलेल्या पुरुषाने घरात मान मागितला, तर ज्या स्त्रीकडे तो मागितला तीही बाहेर तोच अपमान सोसून आलेली होती, आणि तिचे उत्तर मूळ गाण्यात ऐकू येत नाही. अरिथाच्या गाण्यात मला ते उत्तर ऐकू येते. म्हणून ही दोन गाणी एकमेकांच्या विरोधात उभी आहेत असे मी मानत नाही. ती एकाच घरातली आहेत आणि दोन्ही ऐकल्याशिवाय ते घर कळत नाही.

माँटेरेच्या प्रसंगाबद्दल मनापासून आभार.

मिशिगनवासी

मी बरीच वर्षे डेट्रॉईटच्या परिसरात राहते, त्यामुळे या गाण्याविषयी लिहावेसे वाटते. इथे अरिथाकडे केवळ गायिका म्हणून पाहिले जात नाही. ती न्यू बेथेल चर्चच्या फ्रँकलिन पाद्रींची मुलगी आहे.

तिचा जन्म १९४२ साली मेम्फिसला झाला, पण ती वाढली डेट्रॉईटमध्ये. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने तबकड्यांवर निघत आणि देशभर विकली जात. त्यांच्या घरी महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड आणि सॅम कुक यांच्यासारख्या गायकांचे येणेजाणे असे. त्यांचे जुने चर्च हेस्टिंग्ज रस्त्यावर होते. ती कृष्णवर्णीयांची भरभरून जगणारी वस्ती महामार्गासाठी पाडली गेली आणि चर्च लिनवुड रस्त्यावर हलवावे लागले. जून १९६३ मध्ये डेट्रॉईटमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांच्यासह जो प्रचंड मोर्चा निघाला, तो उभा करण्यात फ्रँकलिन यांचा पुढाकार होता. सांगायचे हे की मानाची मागणी अरिथाच्या घरात गाण्याच्या आधीपासून होती.

गाण्याची घडण समजण्यासाठीही हे चर्च महत्त्वाचे आहे. पाद्री एक वाक्य टाकतो आणि समोरची मंडळी त्याला उत्तर देतात, ते वाक्य पुढे नेतात आणि वर चढवतात. आपल्याकडे कीर्तनात बुवांचे चरण मागचे टाळकरी उचलून धरतात, तसेच हे नाते असते. ‘रिस्पेक्ट’मध्ये अरिथाच्या मागे तिच्या सख्ख्या बहिणी आहेत, कॅरोलिन आणि अर्मा. ओटिसच्या गाण्यातही मागून आवाज येतात, पण ते पुरुषांचे आहेत आणि केवळ ठेका धरतात. इथे अरिथा एक ओळ म्हणते आणि बहिणी ‘थोडासा, थोडासा’ असे म्हणत तीच मागणी रेटत राहतात. त्यामुळे नवऱ्यापुढे एकटी बाई उभी आहे असे कधी वाटतच नाही. तिच्या बाजूने बायका बोलत आहेत. धागाकर्त्यांनी मोजलेल्या बदलांमध्ये मी हा बदल पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

अरिथाने एका मुलाखतीत सांगितले होते की डेट्रॉईटच्या पश्चिम भागातल्या एका लहानशा घरात, खिडकीशेजारी ठेवलेल्या पियानोवर, बाहेरच्या गाड्या पाहत तिने आणि कॅरोलिनने या गाण्यातली ती प्रसिद्ध ‘सॉक इट टू मी’ ही ओळ रचली. तेव्हा गल्लीतल्या मुली मुलांना तसे म्हणत असत. लोकांनी पुढे त्यात भलते अर्थ शोधले, पण तिच्या मते तो रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार होता. बहिणी ‘री, री, री, री’ असे म्हणतात तेही मला फार आवडते, कारण ‘री’ हे अरिथाचे घरातले लाडके नाव. जगाच्या दृष्टीने ते मान मागणाऱ्या शब्दाचे पहिले अक्षर असेल, पण बहिणी त्याच वेळी तिला हाकही मारत आहेत.

त्याच वर्षी, २३ जुलै १९६७ रोजी, डेट्रॉईट पेटले. पोलिसांच्या एका छाप्यातून सुरू झालेल्या त्या उद्रेकात ४३ माणसे मेली आणि शहरात लष्कर उतरले. त्या उन्हाळ्यात हे गाणे प्रत्येक रेडिओवर होते. त्याला राजकीय अर्थ कोणी मुद्दाम चिकटवला असे मला वाटत नाही; त्या शहरात त्या महिन्यांत तो शब्द दुसऱ्या कोणत्या अर्थाने ऐकताच आला नसता. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये डेट्रॉईटच्या महापौरांनी ‘अरिथा फ्रँकलिन दिन’ जाहीर केला, त्या कार्यक्रमाला किंग स्वतः आले होते. दोनच महिन्यांनी त्यांची हत्या झाली.

जमाखर्च

गाणे पैशाबद्दल बोलते, म्हणून त्याच्या पैशाबद्दलही बोलले पाहिजे. गाण्याच्या श्रेयावर आजही एकट्या ओटिस रेडिंगचे नाव आहे. अरिथा आणि तिच्या बहिणींनी घातलेल्या ओळींचे, त्या सात अक्षरांचे लेखनश्रेय त्यांना मिळालेले नाही.

याचा परिणाम असा की अमेरिकेतल्या कायद्यानुसार साध्या रेडिओवर गाणे वाजले की मानधन गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळते. गायकाला आणि वादकांना काहीही मिळत नाही. त्यामुळे गेल्या अर्धशतकात अमेरिकन रेडिओवर अरिथाचा ‘रिस्पेक्ट’ जितक्या वेळा वाजला, तितक्या वेळा पैसे ओटिसच्या वारसांकडे गेले. तबकड्यांच्या विक्रीतला वाटा वेगळा, पण रेडिओचे खाते तिच्यासाठी रिकामेच राहिले. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना डिजिटल प्रसारणाचा मोबदला मिळावा, अशी तरतूद करणारा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला. अरिथाचे निधन त्याच वर्षी १६ ऑगस्टला झाले होते.

ओटिसच्या कुटुंबाबद्दल यात कोणतीही तक्रार नाही. ऐन तारुण्यात गेलेल्या कलावंताच्या घरी त्याच्या गाण्याचे पैसे पोचले हे योग्यच झाले. दोष व्यवस्थेचा आहे, जिच्या लेखी गाणे म्हणजे कागदावर लिहिलेले शब्द आणि सुरावट एवढेच असते. ‘रिस्पेक्ट’ हा त्या समजुतीचा सर्वांत मोठा प्रतिवाद आहे.

अरिथा पुढे मंचावर जाण्यापूर्वी मानधन रोख घेत असे आणि पैशांची पर्स नजरेआड होऊ देत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, ती पर्स घेऊनच मंचावर आली आणि पियानोवर ठेवून मग गायला बसली. लोक त्याला तिचा लहरीपणा म्हणतात. कृष्णवर्णीय कलावंतांच्या किती पिढ्यांची किती रक्कम बुडवली गेली, याचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना त्यात लहर दिसणार नाही.

सांजधून

वरच्या दोन्ही प्रतिसादांना धरून बहिणींबद्दल लिहिते, कारण या गाण्याच्या चर्चेत त्या दोन वाक्यांत संपतात.

अर्मा फ्रँकलिन स्वतः उत्तम गायिका होती. ‘रिस्पेक्ट’ गाजले त्याच वर्षी तिने ‘पीस ऑफ माय हार्ट’ हे गाणे गायले. ते मूळ तिचे. पुढच्याच वर्षी जॅनिस जॉप्लिनने आपल्या वाद्यवृंदासह ते गायले आणि ते कायमचे जॅनिसचे म्हणून ओळखले जाऊ लागले. थोरल्या बहिणीने धाकटीच्या मागे उभे राहून दुसऱ्याचे गाणे तिचे करून दिले, आणि तिचे स्वतःचे गाणे मात्र हातातून गेले. अर्माचे मूळ गाणे जरूर ऐका. त्यात किंकाळ्या नाहीत, वेदना आतल्या आत धरलेली आहे. १९९२ साली एका जीन्सच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये ते पुन्हा वर आले, एवढाच दिलासा.

कॅरोलिन गीतकार होती. अरिथाच्या १९६८ च्या ‘लेडी सोल’ संग्रहातले ‘एन्ट नो वे’ तिने लिहिले, ज्यात सिसी ह्यूस्टनचा उंच आवाज मागून तरंगत येतो. तिने लिहिलेले ‘एंजल’ ऐकले की ‘रिस्पेक्ट’मधल्या बदललेल्या ओळींमागे शब्दांची जाण असलेली ही बहीण होती, हे सहज पटते. ती १९८८ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच गेली.

आणखी एक लहानसा तपशील कोणी नोंदवलेला दिसत नाही. गाण्याच्या शेवटाकडे अरिथा समोरच्याला बजावते की तुझ्याजवळची मूर्ख माणसे आता संपत आली आहेत. ही तिच्याच १९६४ सालच्या, कोलंबियाच्या काळातल्या एका गाण्याची शीर्षकओळ आहे. तिथे ती हळवी होती, आणि इथे तीच ओळ ती तंबी म्हणून वापरते. त्यानंतर, तू घरी येशील आणि मी निघून गेलेली असेन, हेही ती सांगून टाकते. ओटिसच्या गाण्यातली बायको घरी असणार हे गृहीत आहे. अरिथाने ते गृहीतकच काढून टाकले.

नवा_श्रोता

सर्वांचे आभार. मी आजवर केवळ अरिथाचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण ऐकले आहे. आणखी काय ऐकावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगितले तर बरे होईल. या गाण्याला मिळालेल्या मानसन्मानांबद्दलही थोडे लिहावे.

शुद्धमध्यम

@नवा_श्रोता, सन्मानांची यादी लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६८ साली या गाण्याला दोन ग्रॅमी मिळाले. २००२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी पहिली यादी केली, तिच्यात ते होते. २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने पाचशे सर्वोत्तम गाण्यांत त्याला पहिला क्रमांक दिला. मला स्वतःला दुसरी एक नोंद अधिक बोलकी वाटते. वर्णभेद ओलांडून झालेल्या विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रद्द केली, त्या आठवड्यात देशातले पहिल्या क्रमांकाचे गाणे ‘रिस्पेक्ट’ होते.

ऐकण्याचा क्रम असा ठेवावा. आधी ‘ओटिस ब्लू’मधले मूळ गाणे ऐका, आणि लगेच पाठोपाठ अरिथाचे १९६७ चे. दुसऱ्यांदा ऐकताना अरिथाकडे लक्ष न देता फक्त बहिणींचे आवाज ऐका. @मिशिगनवासी यांनी लिहिलेले सारे तिथे सापडेल. नंतर ओटिसचे माँटेरेचे गायन ऐका. त्यात तो मूळ गाण्यापेक्षा कितीतरी वेगाने धावतो आहे आणि स्वतःचेच गाणे परत मिळवायला निघाल्यासारखा गातो आहे.

शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहातले मार्च १९७१ चे अरिथाचे ध्वनिमुद्रण ऐका. त्या संग्रहाची सुरुवातच ‘रिस्पेक्ट’ने होते. समोर प्रामुख्याने गोरे, तरुण, रॉक संगीताचे श्रोते होते, आणि हे लोक आपल्याला स्वीकारतील का याची तिला धास्ती होती. ड्रमवर बर्नार्ड पर्डी आणि ऑर्गनवर बिली प्रेस्टन आहेत, आणि वाद्यवृंद किंग कर्टिसचा आहे, म्हणजे चार वर्षांपूर्वी मधला तुकडा ज्याने वाजवला होता त्याचाच. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला त्याचा खून झाला. या ध्वनिमुद्रणात गाणे इतके वेगात आहे की शब्द निसटतील असे वाटते, पण एकही निसटत नाही.